एक लिटर पेट्रोल, पस्तीस किलो बर्फ

रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर. ही 'समुद्रसपाटी' विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय सर्वेक्षण विभागाने मुंबईसह नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरवली. पाट्यांवरच्या उंचीचा पाया तोच राहिला, समुद्र मात्र तिथे राहिला नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. वाढीचा वेगही वाढता आहे. २००६ ते २०१८ या वर्षांत तो दर वर्षी ३.७ मिलिमीटर होता.

पुणेकराला याची धग थेट लागत नाही. मुळा, मुठा, पवना या नद्या सह्याद्रीत उगम पावतात, निव्वळ पावसावर वाहतात आणि भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळतात. त्यांच्यात हिमनदीच्या पाण्याचा थेंब नाही आणि समुद्र घाटाच्या पार खाली आहे. तरीही हिमालयातील बर्फ, अरबी समुद्राची पातळी आणि पुण्यातील रोजचा पेट्रोल-विजेचा खप यांचे नाते आकड्यांत मांडता येते. भारतातील त्या आकडेमोडीचा मोठा भाग पुण्यातच होतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची (आयआयटीएम) स्थापना १९६२ची. तिथे २००९ पासून हवामानबदल संशोधन केंद्र आहे. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालासाठी वापरलेल्या जागतिक संगणकीय प्रारूपांमध्ये भारतातून गेलेले प्रारूप याच संस्थेचे होते.

समुद्राची पातळी दोन मुख्य कारणांनी वाढते. पहिले सहसा ध्यानात येत नाही: पाणी तापले की प्रसरण पावते. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकून राहिलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रांनी शोषली आहे. १९७१ ते २०१८ मधील पातळीवाढीचा निम्मा वाटा या प्रसरणाचा होता. दुसरे कारण जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येणे. यात 'जमिनीवरचा' हा शब्द महत्त्वाचा. सरबताच्या पेल्यात तरंगणारा बर्फ वितळला तरी पेला ओसंडत नाही. तसाच उत्तर ध्रुवाच्या समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही. ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि डोंगरांवरच्या हिमनद्या यांची गोष्ट वेगळी, कारण तो बर्फ पेल्याबाहेरचा आहे. ग्रीनलंडचा सारा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे सात मीटर वर येईल. त्याला शतके, कदाचित सहस्रके लागतील, पण दिशा ठरायला तेवढा काळ लागत नाही.

यात एक गमतीदार भौतिकी आहे. ग्रीनलंडवरचा बर्फ इतका प्रचंड आहे की आपल्या गुरुत्वाकर्षणाने तो भोवतालचे समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ती ओढ सैल होते. ग्रीनलंडच्या किनाऱ्याजवळ पाणी उतरते आणि ते दूरच्या किनाऱ्यांवर चढते. म्हणजे ग्रीनलंडच्या बर्फाची झळ ग्रीनलंडच्या शेजाऱ्यांपेक्षा मुंबई-रत्नागिरीला अधिक.

हिमनदी म्हणजे गोठलेली नदी नव्हे. डोंगरमाथ्यावर वर्षानुवर्षे पडलेले हिम स्वतःच्याच भाराने दबून घट्ट बर्फ होते आणि उतारावरून अतिशय सावकाश खाली सरकते. वर हिम पडत राहते, खाली बर्फ वितळत राहतो. भर आणि खर्च सारखे असेपर्यंत हिमनदी आहे तशी राहते. हिमालयात आता खर्च जास्त आहे. लाहौलमधील छोटा शिग्री हिमनदीचा जमाखर्च २००२ पासून मोजला जातो. तिच्या पृष्ठभागावरून सरासरी दर वर्षी अर्ध्या मीटरच्या आसपास पाणी होईल इतका बर्फ कमी होतो. हिंदुकुश-हिमालयाचा अभ्यास करणाऱ्या काठमांडूच्या इसिमोड या संस्थेने २०२३ मध्ये सांगितले की, २०११ ते २०२० या दशकात तेथील हिमनद्यांचा ऱ्हास आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्क्यांनी जलद झाला.

या विषयात अतिरंजनही झाले आहे. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००७च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता छापली गेली होती. ते विधान निराधार होते आणि २०१० मध्ये समितीने चूक मान्य केली. हवामानबदल नाकारणाऱ्यांना या एका ओळीने अनेक वर्षे दाणापाणी पुरवला. खऱ्या मोजमापाला मात्र त्या ओळीची गरज कधीच नव्हती.

वितळलेला बर्फ नेहमी सावकाश समुद्राला मिळतो असेही नाही. मागे हटणाऱ्या हिमनदीसमोर दगडमातीच्या बांधाआड तळे साठते आणि तो बांध कधीतरी फुटतो. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वर चोराबारी हिमनदीजवळचे तळे अतिवृष्टीत फुटले आणि हजारो माणसे गेली. चारधामला निघालेले महाराष्ट्रातील कितीतरी यात्रेकरू त्या वेळी उत्तराखंडात अडकले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक तळ्याच्या पुराने तीस्ता नदीवरचे एक धरण वाहून नेले.

महाराष्ट्राचा समुद्राशी हिशेब कोकणात चुकता होतो. पाषाणच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या हवामानबदल-अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटरने वाढत होती. १९९३ ते २०१७ मध्ये हा वेग ३.३ मिलिमीटर झाला. उत्सर्जन मध्यम राहिले असे धरले, तरी शतकअखेरीस निव्वळ पाणी तापून फुगल्याने इथला समुद्र सुमारे ३० सेंटिमीटर वर येईल, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. जगाच्या सरासरीसाठी तोच अंदाज १८ सेंटिमीटरचा. हिंदी महासागर झपाट्याने तापतो आहे, त्याचा हा परिणाम.

एक वीत पाणी म्हणजे काय, ते पेण-अलिबागच्या खारेपाटात विचारावे. तिथली भातशेती खाडीच्या भरतीपातळीलाच आहे. मातीचे बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवायचे, पावसाचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, ओहोटीला सोडून द्यायचे, या युक्तीवर पिढ्यान्‌पिढ्या जमीन पिकली. मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते, मग दोन-तीन हंगाम भात होत नाही, आणि खांड बुजवायला उशीर झाला तर शेतात खारफुटी उगवते. पूर्वी गावकरी एकत्र येऊन बांध राखत. ती सामूहिक व्यवस्था मोडली, हे खांडींचे मोठे कारण आहे. सगळा दोष चढत्या समुद्राला देणे बरोबर नाही. पण दुबळ्या बांधाला वर्षाला तीन मिलिमीटरही पुष्कळ होतात.

तापलेला समुद्र आणखी एका वाटेने घाट चढतो. आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले आणि पुढे त्याने मावळ, मुळशी, जुन्नरमधील घरांचे पत्रे व पॉलिहाऊस उडवले. याच संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोंढे हे त्याचे कारण. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेला लोंढा ही एकच घटना हवामानबदलाच्या खात्यावर टाकता येत नाही. ओढ्याचे पात्र अरुंद झाले, त्यावर भिंती उभ्या राहिल्या, ही कारणे डोळ्यांसमोर आहेत. मात्र अरुंद पात्र आणि मोठा पाऊस एकत्र आले की माणसे मरतात.

आता जबाबदारी. जर्मनीतील ब्रेमेन विद्यापीठाचे बेन मार्झायन आणि सहकारी यांनी २०१८ मध्ये एक हिशेब मांडला: हवेत सोडलेल्या प्रत्येक किलो कार्बन डायऑक्साइडमागे जगातील हिमनद्यांचा सुमारे १५ किलो बर्फ कालांतराने वितळतो. त्यात ग्रीनलंड-अंटार्क्टिकाचे हिमस्तर धरलेले नाहीत. आज सगळे उत्सर्जन थांबवले, तरी हिमनद्यांचा एक-तृतीयांशाहून अधिक बर्फ जाणारच, हेही त्याच अभ्यासातले.

एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे पस्तीस किलो बर्फ. दुचाकीवर कामाला जाणारा माणूस वर्षाचे तीनशे दिवस रोज वीस किलोमीटर फिरला आणि गाडीने पन्नासचे ॲव्हरेज दिले, तर १२० लिटर पेट्रोल आणि चार टन बर्फ. पुण्यात अशा दहा लाखच दुचाकी धरल्या (खऱ्या त्याहून अधिक आहेत) तरी वर्षाला चाळीस लाख टन. गॅसचा एक भरलेला सिलिंडर सहाशे किलोंच्या पुढे जातो. पुणे-दिल्ली विमानाने एकदा जाऊन येणे माणशी साधारण तीन टन.

विजेचा आकडा मात्र अनपेक्षित निघतो. देशाची वीज अजून मुख्यतः कोळशावर चालते, त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. चौघांच्या घरात आंघोळीसाठी गिझर रोज दीड-दोन युनिट घेतो. वर्षाअखेरी तो सहा-सात टन बर्फाचा धनी होतो. दारातल्या स्कूटरपेक्षा न्हाणीघरातला गिझर मोठा गुन्हेगार आहे, पण तो धूर सोडत नाही. त्याचा धूर चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांत निघतो.

या आकड्यांपुढे दुसरा आकडा ठेवायला हवा. समुद्राची पातळी एक मिलिमीटर वाढायला सुमारे ३६,००० कोटी टन बर्फ वितळावा लागतो. एका घराचे वीस-पंचवीस टन त्यात कुठेच दिसत नाहीत. 'माझ्या एकट्याने काय होणार' हा प्रश्न त्यामुळे गणिताने चुकीचा नाही. शिवाय वैयक्तिक 'कार्बन पाऊलखुणे'ची कल्पना घरोघर पोचवण्यात ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीच्या २००० नंतरच्या जाहिरातमोहिमेचा मोठा हात होता, हे विसरू नये. तेल काढणाऱ्याने तेल जाळणाऱ्याकडे बोट दाखवले. जबाबदारी सारखी वाटलेलीही नाही. भारतीय माणूस सरासरी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकी माणूस त्याच्या सातपट. पुण्याच्या आतही हीच दरी आहे. वातानुकूलित घर, दोन मोटारी आणि वर्षाला चार विमानप्रवास असलेले कुटुंब एकीकडे. दुसरीकडे 'स्वच्छ' या सहकारी संस्थेतर्फे २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करणाऱ्या कष्टकरी स्त्रिया, ज्यांनी वेगळे काढलेले कागद-प्लॅस्टिक पुन्हा वापरात जाते आणि तेवढे उत्सर्जन टळते. त्यांना पर्यावरणाचे धडे देण्याची गरज नाही.

म्हणून वैयक्तिक जबाबदारीचा अर्थ एकट्याचा त्याग असा घेतला, तर तो अपुरा पडतो. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर होते, ते नागरिकांच्या सद्गुणामुळे नव्हे. अंतरे कमी होती, रस्ते सायकलचे होते आणि दुचाकी परवडत नव्हती. शहर पसरले, बस अपुरी राहिली आणि दुचाकी गरज झाली. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातील पहिला बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, प्रयोग झाला, तो पुढे अर्धवट राहिला. पुण्याच्या पीएमपीएमएल या बससेवेच्या ताफ्यात २०१९ पासून विजेवरच्या बस आल्या, मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली. बस वेळेवर येत असेल तर दुचाकी घरी ठेवणे सोपे. येत नसेल तर तो उपदेश फुकाचा. नगरसेवक मत मागायला आला की त्याला बसबद्दल विचारणे ही त्यामुळे वैयक्तिक जबाबदारीच आहे, आणि दिवा मालवण्यापेक्षा मोठी.

गच्ची हे या जबाबदारीचे दुसरे ठिकाण. पुण्यातील अनेक इमारतींवर पाणी तापवणारे सौर संच बसवलेले आहेत. सौरऊर्जा, पर्जन्यजल-संकलन, गांडूळखत यांसाठी महापालिका मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देते. पाणी तापवणाऱ्या त्या संचांतले कितीतरी गळक्या नळांमुळे आणि देखभालीच्या वादात बंद पडून आहेत, आणि खाली गिझर चालू. २०२४च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला तीन किलोवॉटच्या सौर वीजसंचासाठी ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. असा संच महिन्याला साधारण साडेतीनशे युनिट देतो. गृहनिर्माण संस्थांना जिने, पंप, लिफ्ट अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये आहेत. त्यासाठी अर्ज संस्थेच्या नावाने करावा लागतो, आणि त्याआधी सर्वसाधारण सभेत तसा ठराव व्हावा लागतो.