होडीत दोघांनी बसायचे, तर पदरी किती पैसे असावेत?

लग्नाला वर्ष उलटले, पण नवरा-बायको दोघेच मिळून कुठे गेले नाहीत, अशी जोडपी आपल्या वस्त्यांत कितीतरी सापडतील. मंगल परिणय झाला, पाहुणे परत गेले, की चौथ्या दिवशी कामाची पाळी सुरू होते. नवरा बारामतीच्या एमआयडीसीत, बायको टेक्स्टाईल पार्कात, आणि घरात दोन खोल्यांत सात माणसे. अशा जोडप्याने एक दिवस काढून पाण्यावर फिरून यावे असे कुणी सुचवले, की वडीलधारी मंडळी लगेच म्हणतात, "ही कसली थेरं?" आम्हाला ती थेरं वाटत नाहीत. दोघांना निवांत बोलायला दोन तास मिळाले तर संसाराला त्याचा फायदाच होतो. मात्र पैसा कष्टाचा आहे. तेव्हा तो किती लागतो आणि कशासाठी लागतो, याचा हिशोब घरातून निघण्यापूर्वीच व्हायला हवा.

गोंडोल्याचा भाव

प्रेमी जोडप्याने होडीत बसावे, ही कल्पना आपल्याकडे सिनेमाने रुजवली. १९७९ साली आलेल्या 'द ग्रेट गॅम्बलर'मध्ये अमिताभ बच्चन आणि झीनत अमान इटलीतल्या व्हेनिस शहरात गोंडोल्यात बसलेले दिसले, आणि ती काळी, निमुळती होडी आपल्या लोकांच्या डोळ्यांत भरली. ही होडी सुमारे अकरा मीटर लांब असते, आठ जातींच्या लाकडांचे जवळजवळ २८० तुकडे जोडून ती बनवतात, आणि एकच माणूस उभ्याने एका वल्ह्यावर ती हाकतो. परीक्षा देऊन परवाना मिळवल्याशिवाय त्याला हे काम करता येत नाही.

तिथला दर नगरपालिकेने ठरवून दिलेला आहे. नोव्हेंबर २०२३ पासून दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११० युरो पडतात. एका युरोचे शंभर रुपये धरले, तरी दिवसाच्या फेरीला नऊ हजार आणि रात्रीच्या फेरीला अकरा हजार रुपये झाले. हा दर माणशी नसून सबंध होडीचा आहे आणि एका होडीत जास्तीत जास्त पाच माणसे बसतात. गाणे ऐकायचे असेल तर त्याचे पैसे वेगळे. त्याच शहरात मोठा कालवा नुसता ओलांडायचा असेल, तर तशाच होडीतून परक्या माणसालाही दोन युरोत पलीकडे जाता येते. पाणी तेच, होडी त्याच घडणीची. नऊ हजार रुपये पडतात ते निवांतपणाचे.

आपले पाणी, आपली होडी

आता इंदापूर तालुक्याकडे येऊ. भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, आणि भिगवणपासून खाली कित्येक गावांची जमीन पाण्याखाली गेली. जुने पळसदेव त्यातच बुडाले. पाणी ओसरले की तिथल्या जुन्या देवळाचे शिखर वर दिसू लागते. या उथळ, गाळाच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने येतात. डिसेंबरपासून मार्चपर्यंतचा काळ त्यांना पाहायला चांगला. भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ या गावांतले मासेमार आपल्या होड्यांतून लोकांना पक्षी दाखवायला नेतात. धरणाने जमीन नेली, त्याच पाण्यावर ही माणसे मासे धरून आणि पाहुणे फिरवून घर चालवतात.

येथे व्हेनिससारखा दरफलक सगळीकडे मिळेलच असे नाही. तास-दीड तासाच्या फेरीला सबंध होडीचे साधारण हजार ते दीड हजार रुपये धरून निघावे. हंगाम, सुट्टीचा दिवस आणि किती लांब जायचे, यावर आकडा खाली-वर होतो. मिनिटाचा हिशोब केला तर व्हेनिसला तीनशे रुपये पडतात, भिगवणला पंधरा-वीस. पण इथेही भाव होडीचा असतो, आणि घोटाळा होतो तो नेमका इथेच. काठावर "अमुक रुपये" ऐकून लोक बसतात आणि उतरताना तो भाव माणशी होता की होडीचा, यावरून तोंड वाजते. म्हणून चढण्यापूर्वीच तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: पैसे होडीचे की माणशी? फेरी किती वेळाची? आणि होडीत आणखी कोणाला घेणार का? दोघांनाच जायचे असेल तर होडीचे पूर्ण पैसे द्यावे लागतील. दोन जोडपी मिळून गेलात तर खर्च निम्म्यावर येतो आणि सोबतही होते.

घासाघीस मात्र बेताने करावी. नावाड्याचा हा धंदा वर्षातून चार महिन्यांचा. त्यातून इंधन, होडीची डागडुजी आणि घरखर्च भागवायचा असतो. आपल्या मजुरीतला एक रुपया मुकादमाने कापला तर आपल्याला कसे लागते, हे आठवावे आणि ठरलेले पैसे सरळ द्यावेत. फोटोसाठी पक्ष्यांचा थवा उडवायला त्याला सांगू नये. लांबून उतरलेली ती पाखरे तिथे खायला आलेली असतात.

दिवसाचा हिशोब

बारामतीहून भिगवण एसटीने तासाभराच्या आत येते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, म्हणजे दोघांच्या प्रवासाला दीड तिकीट पुरते. इंदापूरकडच्या मंडळींना पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गाड्या सोयीच्या. भिगवणहून कुंभारगावला जायला रिक्षा केली, तर जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे मिळून पैसे आधी ठरवावेत, कारण परतताना रिक्षा लगेच मिळेलच असे नाही. भाकरी-ठेचा घरूनच बांधून घ्यावा. भिगवणच्या माशांचा मोह झालाच तर भाव विचारून मग ताट सांगावे. जोडप्याने दोन हजार रुपये बाजूला काढले तर बहुतेक भागते. दोन जोडप्यांनी होडी वाटून घेतली तर त्यातले पाच-सातशे घरी परत येतात. दर महिन्याला दीडशे-दोनशे डब्यात टाकले, तर वर्षात ही रक्कम कुणापुढे हात न पसरता जमते.

स्वस्त होडी महाग पडते

आता सर्वांत महत्त्वाचे. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यांत नवरा, बायको आणि त्यांची दोन चिमुकली मुले होती. ती फिरायला आलेली माणसे नव्हती. रस्त्याने लांबचा वळसा पडतो म्हणून पाण्यावरून ये-जा करणारी होती. याच जलाशयात २०१७ साली फिरायला आलेल्या चार डॉक्टरांचाही होडी उलटून मृत्यू झाला. जानेवारी २०२४ मध्ये गुजरातेत वडोदऱ्याच्या तलावात क्षमतेपेक्षा जास्त मुले भरलेली होडी उलटली आणि बारा शाळकरी मुले व दोन शिक्षिका गेल्या. पाणी शिकलेला-अडाणी पाहत नाही, हौस आणि गरज यांतही फरक करत नाही.

म्हणून होडीचा भाव विचारताना त्यात लाईफ जॅकेट धरले आहे का, हेही विचारावे. जॅकेट पायाशी ठेवून उपयोग नाही; अंगात घालून पट्टे आवळलेले हवे. साडी किंवा ओढणीवरून ते नीट बसत नाही, तेव्हा भगिनींनी पदर खोचून, ओढणी आत घेऊनच ते घालावे. लेकरू बरोबर असेल तर त्याच्या मापाचे वेगळे जॅकेट मागावे. मोठ्याच्या जॅकेटातून लहान मूल निसटते. फेरी सकाळची घ्यावी. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उठतो, आभाळ भरून येते, अशा वेळी कुणी निम्म्या भावात नेतो म्हणाला तरी पाण्यावर जाऊ नये. होडीत उभे राहून फोटो काढू नयेत, सगळ्यांनी एका बाजूला झुकू नये, आणि माणसे जास्त झालेली दिसली तर चढलेले पाऊलही मागे घ्यावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

जॅकेट नाहीच मिळाले, तर होडीचे पैसे खिशातच राहू द्यावेत आणि काठावर बसून पाखरे पाहावीत. काठाला भाडे पडत नाही, आणि दोघांना बोलायला तेवढी जागा पुरते.