पारसनीस : एका दुर्मीळ आडनावाचा मागोवा

गावाला एक पाटील आणि एक कुलकर्णी, परगण्याला एक देशमुख आणि एक देशपांडे अशी जुन्या महाराष्ट्राची घडण होती. वतनेच हजारोंनी असल्यामुळे ही आडनावे आजही कोणत्याही मतदारयादीत पानेच्या पाने भरतात. पारसनीस हे आडनाव मात्र शोधावे लागते. फारसी लिहिणारा कारकून गावाला लागत नसे, परगण्यालाही क्वचितच. तो लागायचा दरबाराला, आणि दरबार किती असणार? सातारा, पुणे, कोल्हापूर, नागपूर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशी बोटांवर मोजण्याजोगी ठिकाणे. हुद्दाच विरळा, म्हणून आडनावही विरळाच राहिले.

आडनावाचा अर्थ सरळ आहे. ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. इराणच्या ज्या प्रांतावरून भाषेला नाव मिळाले तो मुळात पार्स. अरबांच्या वर्णमालेत ‘प’ नाही, म्हणून त्याचा फार्स झाला. मराठीने आडनावात जुना ‘प’ राखला, ही मला फार गोड गोष्ट वाटते.

या आडनावाची भावंडे पुष्कळ आहेत. चिटणीस चिठ्ठ्यापत्रे लिही, पोतनीस पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवी, सबनीस किल्ल्यावरच्या माणसांची हजेरी मांडी, तर कारखानीस कोठीतले धान्य आणि सामान सांभाळी. वाकनीस रोजच्या घडामोडींची नोंद करी. पुढे हे हुद्दे घराण्याला चिकटले आणि मूळ आडनाव मागे पडले. नाना फडणवीस हे खरे बाळाजी जनार्दन भानू. फडणिशी हा त्यांच्या घरातला हुद्दा. म्हणूनच आडनाव एक म्हणजे कूळ एक, असे या नीसमंडळींत धरून चालत नाही. चिटणीस कायस्थ प्रभूंत सापडतात तसेच ब्राह्मणांतही. हुद्दा ज्याला मिळाला, त्याचे ते नाव.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला, १६७४ मध्ये, दरबारातल्या वरिष्ठ हुद्द्यांची नावे बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी पुढे जुन्या पत्रांतले शब्द मोजून पाहिले, तेव्हा १६२८ च्या एका पत्रात मराठी शब्दांचे प्रमाण शेकडा १४ च्या आसपास होते, १६७७ च्या पत्रात ते ६२ पर्यंत गेले आणि १७२८ च्या पत्रात ९० च्याही पुढे. कारभाराची भाषा दोनतीन पिढ्यांत पार पालटली. माणसांना लागलेली नावे मात्र पालटली नाहीत. सबनीस सबनीसच राहिला, डबीर डबीरच.

पारसनिशीची गरज तर उलट वाढली. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, त्या बादशाही दप्तराच्या फारसीतल्या. निजामाचा खलिता फारसीत, दिल्लीचे अखबार फारसीत. कलकत्त्याचा इंग्रज गव्हर्नर हिंदुस्थानातल्या राजांना लिही तेही फारसीतच. १७८४ मध्ये महादजी शिंदे बादशहाचे वकील-इ-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी, झाले, तेव्हापासून दिल्लीची घडी मराठ्यांच्याच हाती आली; पण तिथला कागद हलायचा तो त्याच भाषेत.

असा खलिता पुण्यात आला की काय होत असेल, ते उरलेल्या कागदांवरून बरेचसे कळते. किनखापाच्या पिशवीत घातलेले, सोन्याचे कण शिंपडलेल्या कागदावरचे पत्र. अक्षर बहुधा शिकस्ता, म्हणजे मोडलेले: नुक्ते गाळलेले, जिथे जोडू नयेत तिथे अक्षरे जोडलेली, ओळीची शेपटी वर उचललेली. छापील फारसी घडाघडा वाचणाराही अशा कागदापुढे अडतो. वाचता आले तरी काम अर्धेच. सुरुवातीचे अल्काब, म्हणजे मायन्यातली बिरुदे, नीट तोलावी लागत. मागच्या पत्रात असलेले एखादे बिरुद या पत्रात गाळले असेल तर तो हस्तदोष नव्हता. धन्याचा दर्जा उतरवण्याचा तो डाव असे. तो ओळखून वेळीच कानावर घालणे, आणि उत्तर त्याच तोलाचे, ना कमी ना जास्त, असे लिहिणे ही पारसनिसाची खरी कसोटी. तलवारीवर पोवाडे झाले. या माणसाच्या वाट्याला एक ओळ नाही आणि मला ते खटकते. समोरच्याच्या भाषेत समोरच्याला गाठणारा आपला माणूस पदरी नसता, तर दिल्लीचे राजकारण मराठ्यांना एक दिवसही पेलले नसते.

फारसीची ही सावली निव्वळ मराठी पत्रावरही असे. पेशवाईतले कोणतेही मोडी पत्र घ्या, तारखेच्या जागी ‘सबा सबैन मया व अलफ’ अशासारखे काही भेटते. हे अरबी आकडे: सात, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे सुहूर सन ११७७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७६-७७ निघतो. पुण्याचा कारकून हे रोज, डोळे मिटून लिहीत असे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि पुण्याच्या दप्तराला कुलूप लागले. १८३७ मध्ये कंपनी सरकारने फारसी ही सरकारी कामकाजाची भाषा म्हणून रद्द करण्याचा कायदा केला. पारसनिशीचा पाया तिथेच उखडला. पुढच्या पिढ्या इंग्रजी शाळांत गेल्या, हजेरीपटावर आडनाव कायमचे नोंदले गेले, आणि फारसीचे अक्षरही न येणारी माणसे पारसनीस म्हणून ओळखली जाऊ लागली.

या आडनावाला महाराष्ट्रभर ओळख मिळवून दिली ती साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी. जन्म १८७०, मृत्यू १९२६. झाशीच्या राणीचे चरित्र त्यांनी १८९४ मध्ये, म्हणजे ऐन चोविशीत प्रसिद्ध केले. १९०८ पासून त्यांनी ‘इतिहाससंग्रह’ चालवला आणि त्यातून अस्सल कागद छापले. इंग्रज अधिकारी किंकेड यांच्याबरोबर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. पण त्यांचे सर्वांत मोठे काम जमवण्याचे. मेणवलीच्या वाड्यातले नाना फडणवीसांचे दप्तर, चित्रे, नकाशे, पत्रे असा संग्रह त्यांनी साताऱ्यात उभा केला. त्यांच्या पश्चात, १९३९ मध्ये, तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. याच पारसनीस संग्रहातली दिल्लीची फारसी बातमीपत्रे इतिहासकार जदुनाथ सरकारांनी इंग्रजीत उतरवली आणि १९५३ मध्ये मुंबई सरकारने ती छापली. १७६१ ते १७८८ या काळातल्या दिल्लीच्या घडामोडी त्यामुळे अभ्यासकांपुढे आल्या. नावाप्रमाणे वागणे ते हेच.

ज्यांचे आडनाव पारसनीस नव्हते अशांनीही हे काम पुढे नेले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’चे खंड काढले, सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारची बातमीपत्रे मराठीत आणली. कवी माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला. पुढे हेच कवी भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले, तरी कोशाचे मोल त्याने उणावत नाही. मुळात फारसी म्हणून या आडनावांबद्दल कोणी संकोच बाळगत असेल, तर तो सोडून द्यावा. ही आडनावे मराठी राज्याच्या कर्तबगारीतून आलेली आहेत.

आज मोडी शिकणारे तरुण वाढत आहेत, ही समाधानाची गोष्ट. शिकस्ता वाचणारे मात्र फार थोडे उरले आहेत. आपले आडनाव नीसात संपत असेल, तर माळ्यावरची जुनी बासने एकदा खाली काढून पाहा. कागद मोडी असोत की फारसी, ते रद्दीत घालू नका आणि सेलोटेपने चिकटवूही नका. पुण्याचे पुराभिलेखागार किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ गाठा आणि जाणत्याकडून ते वाचून घ्या. घरातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला फारसी शिकावेसे वाटले, तर अडवू नका.