साध्या सायकलचे ब्रेक पावसात का लागत नाहीत?

पावसाळा सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यात राजूर-भंडारदऱ्याकडे शाळेचे रस्ते ओले आणि उताराचे. गिअर नसलेल्या साध्या सायकलवरून मूल खाली येते, ब्रेक दाबते आणि सायकल पुढेच जात राहते. मूल पडले की घरचे त्यालाच रागावतात. दोष बऱ्याचदा रिमचा असतो.

साध्या सायकलची रिम पोलादी, वर क्रोमचा चकचकीत मुलामा. कोरड्या हवेत ब्रेकचे रबर तिला बऱ्यापैकी धरते. त्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी आले की घर्षण काही पटींनी घटते, आणि चाकाचे पहिले काही फेरे नुसते पाणी पुसण्यात जातात. म्हणून पावसात उतार लागण्याआधीच ब्रेक हलका धरून रिम पुसून घ्यावी. ॲल्युमिनियमच्या रिमवर हा फरक बराच कमी असतो. केबलच्या ब्रेकची सायकल असेल तर हा खर्च सार्थकी लागतो. दांड्यांच्या ब्रेकच्या जुन्या सायकलला मात्र ती रिम सहसा चालत नाही.

ताशी 20 किलोमीटर वेगात सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. खड्डा दिसून बोटे आवळेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्याआधीच संपते. पुढे कोरड्या, सपाट रस्त्यावर फक्त मागच्या ब्रेकने सुमारे सहा मीटर लागतात, दोन्ही ब्रेकने जेमतेम तीन. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट.

पुढचा ब्रेक मारला की माणूस तोंडावर आपटतो, असे सगळेच सांगतात. कित्येक सायकलींचा तो काढूनच टाकलेला असतो. कचकन दाबला तर ते खरे आहे. पण सायकल थांबताना वजन पुढे सरकते, मागचे चाक हलके होऊन घसरते. थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच चाकात. अंग थोडे मागे घेऊन तो हळूहळू वाढवत दाबावा. वळणावर आणि खडीवर मात्र जपून.

दुकानात नेल्यावर आधी चाकाचा आऊट काढून घ्यावा. डगमगते चाक असेल तर रबर नीट टेकतच नाही. कडक, चकाकणारे रबर पॉलिश पेपरने घासावे, झिजलेले बदलावे. रिम साबणाच्या पाण्याने धुवावी. ब्रेक कुरकुरतो म्हणून तिथे तेल सोडणारे महाभाग आहेत, त्यांना आवरावे! लहान मुलाची बोटे लिव्हरपर्यंत पोहोचतात का, हेही पाहावे. मोठ्या भावाची सायकल वारशाने आलेली असेल तर बहुधा पोहोचत नाहीत.

हँडलची मूठ फाटून उघडी पडलेली नळी हा वेगळाच धोका. पडताना ती पोटात घुसते. बाहेर रुपयाएवढा वळ दिसतो, आत प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंड फाटलेले असू शकते. लक्षणे काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनीही येतात. पोटदुखी वाढणे, उलट्या, डावा खांदा दुखणे, चेहरा पांढरा पडणे यांपैकी काहीही दिसले तर वेदनाशामक गोळी देऊन झोपवू नये. मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे आणि ‘हँडल पोटात लागले’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.