हायमनचा वाद

मराठीतल्या ग्रीक वाचनाचा आढावा तंजावरपासून घ्यावा लागतो. सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ साली 'बाळबोध मुक्तावली' निघाली आणि इसाप मराठीत आला. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सॉक्रेतिसाचे चरित्र लिहिले, रामायण होमरवरून उचलले आहे हा जर्मन पंडित वेबरचा दावा काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८७३ साली खोडून काढला, विंदा करंदीकरांनी १९५७ साली अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले आणि पु.लं.नी राजा ओयदिपौस. हे ऋण मोठे आहे. तरीही माझी जुनी तक्रार कायम आहे. आपण ग्रीकांकडून नीती, तत्त्वज्ञान आणि नाट्यशास्त्र घेतले. त्यांचे राजकारण घरात शिरून माणसांना कसे पिळते, हे मात्र नीट वाचले नाही.

सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'वर आपल्याकडे बोलणे होते ते राजाज्ञा मोडून भावाला मूठमाती देणाऱ्या बहिणीच्या, अँटिगनीच्या बंडाबद्दल. मला त्या नाटकाचा कणा वाटतो तो राजा क्रेऑन आणि त्याचा मुलगा हायमन यांचा वाद. हायमन येतो तोच नमते घेऊन. मी तुमचाच, असे आधी बापाला सांगतो. मग हळूच कानावर घालतो, की तुमच्या धाकाने लोक तोंडावर बोलत नाहीत, पण अंधारात अँटिगनीसाठी हळहळतात. क्रेऑनला त्यातला सल्ला ऐकूच येत नाही, ऐकू येते ते फक्त मुलाचे वय. बाप आणि राजा एकच असला की मुलाचे मत हा राजद्रोह ठरतो आणि नागरिकाचे मत हा उद्धटपणा. खानापूर तालुक्यातल्या आमच्या विट्यात हे उलगडून सांगावे लागू नये. सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी इथली कुटुंबे देशभर पांगली. जिथे बापच मालक आणि बापच उस्ताद, तिथे मुशीपुढे बसलेल्या मुलाने मतदानाबद्दल वेगळे बोलणे म्हणजे घर आणि पोट दोन्ही पणाला लावणे.

काही विद्वान म्हणतात, ग्रीक वाचन ही पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शिक्षणाची चैन आहे, खानापूर तालुक्याला तिचे काय? त्यांनी प्रतिसरकार आठवावे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या चळवळीने नुसते खजिने लुटले नाहीत. खानापूर ज्यात होते त्या तेव्हाच्या साताऱ्यात गावोगाव न्यायनिवाडे केले आणि थोडक्या खर्चातले गांधी विवाह लावले. परक्या सत्तेशी लढणारी माणसे लग्नाच्या खर्चावर बोलू लागली, म्हणजे राजकारणाने उंबरठा ओलांडलाच, आणि ग्रीक नाटकातला प्रश्न इथलाही झाला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अ‍ॅरिस्टॉटलने गुलामी निसर्गसिद्ध मानली, अथेन्सच्या सभेत बाईला जागा नव्हती, मग त्यांच्याकडून घर काय शिकायचे? त्यांचे घर आदर्श म्हणून घ्या, असे माझे म्हणणेच नाही. ज्या समाजाने बाईला सभेबाहेर ठेवले, त्याच समाजाच्या नाटककाराने राजाज्ञेविरुद्धचा सर्वांत धारदार युक्तिवाद एका मुलीच्या तोंडी घातला. ती विसंगती वाचण्याजोगी आहे, कारण ती आपलीही आहे. आज मात्र घरोघरी राजकारणाचा विषय निघाला की 'जेवताना नको' म्हणून तो मिटवला जातो, आणि त्यालाच संस्कार म्हणतात. क्रेऑनच्या घरातही वाद असाच मिटवला होता. मुलगा आणि बायको गमावल्यावर त्याला तो ऐकू आला.