आधी ताट, मग धाव

सीलिअ‍ॅक आजाराचे निदान झाले की गहू, जव आणि राय कायमचे बंद होतात. ज्याला लांब पल्ल्याचे धावणे आणि लोकरीचे विणकाम दोन्ही प्रिय आहे, त्याने अशा वेळी पथ्य, धावणे आणि विणकाम या तिन्ही गोष्टींना सारखा वेळ वाटत बसू नये. पहिले काही महिने मान आहाराचा. या आजारात या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते, लोह नीट शोषले जात नाही आणि रक्तक्षय झाला की स्नायूंना पोहोचणारा प्राणवायू घटतो. अशा शरीराने ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनची तयारी रेटणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. शिवाय पथ्य वाटते तितके सरळ नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. पण गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी चालत नाही आणि बाजारच्या हिंगपुडीतही अनेकदा गव्हाचे पीठ असते.

सराव मोडला तर दम जाईल, हा आक्षेप रास्त आहे. पण धावणे सोडायचे नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने अंतर आणि वेग तेवढा उतरवायचा. नवे खाणे पचते का, हेही याच छोट्या धावांत कळते. शर्यतीच्या दिवशी तो प्रयोग नको. मग विणकाम तरी कशाला, असे कोणी विचारेल. विश्रांती हा सरावाचाच भाग आहे आणि स्वस्थ बसणे ज्याला जमत नाही, त्याला सुया बसवून ठेवतात. मात्र जाळीदार नक्षीचा स्वेटर आता नको. नुसत्या सुलट टाक्यांचा मफलर घ्यावा, तो कोणत्याही ओळीवर थांबवता येतो. शर्यत पुढच्या वर्षीही असेल. आतड्याला भरून यायला वेळ मात्र आजच द्यायला हवा.