घनसावंगीला पाणी दोन वाटांनी येतं

घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण शिवेवरून गोदावरी वाहते आणि तिच्या उत्तरेला, उंचावरून, जायकवाडी धरणाचा डावा कालवा जातो. धरणातून सुटलेलं पाणी या दोन्ही वाटांनी तालुक्यात येतं. दोन्ही प्रवास थक्क करणारे आहेत.

आधी धरण पाहू. निजामाच्या काळात ते बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचा विचार होता. पुढे जागा नदीच्या वरच्या अंगाला, पैठणला गेली. प्रकल्पाचं नाव तेच राहिलं. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. जवळपास 10 किलोमीटर लांबीचं हे धरण बहुतांशी मातीचं आहे! पूर सोडायच्या 27 दरवाजांचा भाग तेवढा पक्क्या बांधकामाचा. या मातीच्या आधारावर नाथसागर या त्याच्या जलाशयात 102 टीएमसी पाणी उभं राहतं. त्यासाठी शंभराहून अधिक गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, हे विसरून चालणार नाही.

पहिली वाट कालव्याची. डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे आणि एवढं अंतर पाणी कुठल्याही पंपाशिवाय चालतं. त्याला चालवतो तो डोळ्यांना जाणवतही नाही इतका बारीक उतार. उतार जास्त दिला तर पाणी काठ कापतं आणि उंचीही वाया जाते. कमी दिला तर गाळ बसतो. म्हणून कालवा टेकाडांना वळसे घेत, उंची सांभाळत जातो. त्याच्या खालच्या अंगाला वितरिका, मग चाऱ्या, मग ऊस-कापसाचं रान. वरच्या अंगाचं शेत कालव्याला अगदी खेटून असलं तरी पाणी आपणहून तिथे चढत नाही.

दुसरी वाट नदीची. धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. बातम्यांत येतं ना, ‘जलविद्युत केंद्रातून 1589 क्युसेक विसर्ग’? म्हणजे सेकंदाला सुमारे 45 हजार लिटर, वजनाने 45 टन पाणी! जलाशयाच्या दाबाने ते टर्बाइनची पाती फिरवतं आणि जसंच्या तसं नदीत उतरतं. वीज बनते, पण थेंबही खर्ची पडत नाही. तेच पाणी पुढे जोगलादेवी, मंगरूळच्या बंधाऱ्यांत अडतं. या केंद्राचं यंत्र उलटंही फिरू शकेल अशा रचनेचं आहे. उलटं फिरलं की ते पंप होतं; जास्तीची वीज वापरून खालचं पाणी पुन्हा वर चढवायचं आणि विजेची गरज पडली की परत सोडायचं, अशी ही कल्पना.

दोन्ही वाटांचं खरं भांडवल उंची आहे. म्हणूनच नाथसागरातलं सुमारे 26 टीएमसी पाणी ‘मृतसाठा’ धरतात. पाणी असतं, पण पातळी इतकी खाली गेलेली असते की ते आपल्या बळावर कालव्यात शिरू शकत नाही. तेव्हा पावसाळ्यात धरणाचा आकडा वाचाल, तेव्हा एकूण साठ्यावर हुरळून जाऊ नका. जिवंत साठा किती, तेवढं बघा. रब्बीचं आवर्तन त्यावरच ठरतं.