चौसष्टावी नोंद

वऱ्हाडच्या इतिहासावरील एक जुने पुस्तक हवे होते म्हणून पुण्यातील एका ग्रंथालयाच्या शोधखिडकीत मी त्याचे नाव टंकलिखित केले, तेव्हा अशा नावाचे पुस्तक संग्रहात नाही असे उत्तर आले. आणि नंतर सहज म्हणून कपाटांमधून हिंडत असताना तेच पुस्तक, पाठीवर दाखल क्रमांकाची चिठ्ठी मिरवीत, माझ्या हाताला लागले. देवघेवीच्या मेजावर तो क्रमांक घालताच ते विनातक्रार माझ्या नावावर चढलेही. क्रमांकाने ओळखते आणि नावाने ओळखत नाही, हा काय प्रकार असावा या कुतूहलाने मी ग्रंथपालांना गाठले. "अशी त्रेसष्ट आहेत," ते शांतपणे म्हणाले, आणि खणातून पेन्सिलीने लिहिलेली एक यादी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. वाचकांच्या तक्रारी येऊ लागल्यावर, ज्यांच्या नावांत दऱ्या, तऱ्हा, वऱ्हाड यांतला तो अर्धा र येतो तेवढीच पुस्तके अडतात हे त्यांच्या ध्यानी आले होते, आणि मग त्यांनी प्रत्येक कपाट स्वतः धुंडाळून ती यादी सिद्ध केली होती. "शनिवारी ताई येणार आहेत दुरुस्तीला. बघायचं असेल तर या."

दुरुस्ती मागच्या खोलीत व्हायची होती. तेथे दाखल नोंदवह्यांचे कापडी बांधणीचे खंड भिंतीशी रचून ठेवलेले होते आणि डांबरगोळ्यांचा व जुन्या कागदाचा संमिश्र दर्प इतका गडद होता, की घरी परतल्यावरही तो माझ्या सदऱ्याला येत राहिला. ताई पन्नाशीच्या असाव्यात. त्यांची नोकरी याच ग्रंथालयात तालिकापत्रे टंकलिखित करण्यापासून सुरू झाली. संगणक आल्यावर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन त्यांनी ही नवी विद्या हस्तगत केली, आणि आता शहरातील आणखी काही संस्थांची दप्तरेही त्याच सांभाळतात. खुर्चीत बसण्यापूर्वी त्यांनी ग्रंथपालांची यादी मागून घेतली आणि ती कळफलकाच्या डाव्या बाजूस, वाऱ्याने उडू नये म्हणून चष्म्याच्या डबीखाली, दाबून ठेवली.

त्यांच्यापुढील पडद्यावर चित्र नव्हते, बटण नव्हते, रंगही नव्हता. काळ्या पृष्ठभागावर नोंदसंग्रहाचे नाव, त्यापुढे बरोबरीचे चिन्ह, एक कोन आणि लुकलुकणारी एक खूण, एवढाच सारा सरंजाम होता. या साधनाचे नाव पीएसक्यूएल. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ साली पोस्टग्रेस या नोंदसंग्रह-यंत्रणेच्या बांधणीस आरंभ झाला. १९९४ साली अँड्र्यू यू आणि जॉली चेन या तेथील दोघा विद्यार्थ्यांनी त्यास एसक्यूएल ही भाषा जोडली, आणि जुन्या मॉनिटर या साधनाच्या जागी हे पीएसक्यूएल आले, ते आजतागायत टिकून आहे. ती भाषा त्याहून जुनी, आयबीएममधील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली मांडलेली. आणि तिच्याही मुळाशी आहे त्याच कंपनीतील एडगर कॉड यांचा १९७० सालचा निबंध, ज्यात त्यांनी असे प्रतिपादन केले, की माहिती कोठे व कशी साठवली आहे याची उठाठेव मागणाऱ्याला करावी लागू नये. त्याने काय हवे ते नेमक्या शब्दांत सांगावे आणि तेथवर पोचण्याचा मार्ग यंत्राने शोधावा. नेमक्या शब्दांत सांगण्याची ही सक्ती मला या कामाचा गाभा वाटते, आणि ताईंचे काम पाहताना ती मला पदोपदी जाणवली.

सुरुवातीच्या गोष्टी झटपट झाल्या. उलटी तिरकी रेघ आणि डीटी ही दोन अक्षरे लिहिताच संग्रहातील सर्व तक्त्यांची यादी आली: ग्रंथ, लेखक, सभासद, देवघेव. रेघ, डी आणि तक्त्याचे नाव लिहिताच त्या तक्त्याचे रकाने, प्रत्येकाचा प्रकार आणि त्यांवरील अटी समोर आल्या. सर्वाधिकाऱ्याच्या हक्काने प्रवेश केल्यास कोनाच्या जागी हॅशचे चिन्ह दिसते. ताई त्या हक्काने विनाकारण कधी शिरत नाहीत, आणि हे त्यांनी मी न विचारता सांगितले.

मग त्यांनी मला जे दाखविले ते मी विसरणार नाही. 'सिलेक्ट' या शब्दाने आरंभ होणारी एक ओळ त्यांनी लिहिली आणि शेवटी अर्धविराम दिला. तो अर्धविराम येईपर्यंत यंत्र स्वस्थ असते; माणूस दुसऱ्या ओळीवर गेला तर बरोबरीच्या चिन्हाऐवजी आडवी रेघ दाखवून ते आपण वाट पाहत असल्याचे सूचित करते, आणि अवतरणचिन्ह उघडे राहिले असेल तर तेच चिन्ह दाखवून तसे कळवते. उत्तर दोन ओळींचे आले. दोन्ही ओळींत एकच शब्द, वऱ्हाड. अक्षरन् अक्षर सारखा, वेलांटी-कान्याचाही फरक नाही. परंतु शेजारच्या रकान्यात, जेथे शब्दाची लांबी मोजून मागितली होती तेथे, एका ओळीत ६ हा आकडा होता आणि दुसरीत ७.

"आता यात सातवं कुठलं, ते सांगा," ताई म्हणाल्या. मला सांगता आले नाही. ते दिसण्यासारखे नव्हतेच. यंत्र आपल्यासारखी अक्षरे मोजत नाही. व, ऱ, हलन्ताचे चिन्ह, ह, काना आणि ड असे सुटे घटक ते मोजते आणि म्हणून ६ म्हणते. संगणकात हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. इनस्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी ऱ ही स्वतंत्र कळ आहे. पण पूर्वी ज्या दोघांनी या नोंदी चढविल्या त्यांपैकी एकाचा कळफलक निराळा होता, आणि तो साधा र, हलन्ताचे चिन्ह आणि त्यापुढे जोडणीची एक अदृश्य खूण अशी योजना करीत असे. कागदावर छापले तर दोन्ही एकच दिसतात. पण त्या अदृश्य खुणेलाही युनिकोडमध्ये ८२०५ हा आपला क्रमांक आहे, आणि यंत्राच्या लेखी ती इतर कोणत्याही अक्षराइतकीच खरी आहे. म्हणून एका वऱ्हाडचा शोध घेतला असता दुसरे वऱ्हाड हाती येत नव्हते. एकाच शब्दाची विविध रूपे एकसारखी करण्याची एक सोय या यंत्रणेत आहे. परंतु ही खूण तिच्या कक्षेबाहेर राहते, असे ताईंनी ती सोय प्रत्यक्ष वापरून दाखवून दिले. त्या ओळीचे उत्तरही ७ असेच आले.

एवढे उमगल्यावर दुरुस्ती सोपी होती. अशी जोडणी ज्या ज्या नावात असेल तेथे ती काढून ऱ घालणे, एवढ्यासाठी 'अपडेट' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ पुरेशी होती, आणि ती ताईंनी शेजारच्या कागदावर आधीच लिहून आणली होती. परंतु ती त्यांनी पडद्यावर लिहिली नाही. "आधी सिलेक्ट, मग अपडेट," त्या म्हणाल्या, आणि ज्या अटीने दुरुस्ती करायची त्याच अटीने, काहीही न बदलता, नुसती मोजदाद मागितली.

उत्तर आले ६४.

ग्रंथपाल मागे उभे होते. "त्रेसष्ट," ते म्हणाले. ताईंनी कळफलकावरून दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्यासारख्या तिऱ्हाइताला वाटले, की एक नोंद जास्त निघाली तर बिघडले कोठे. दुरुस्ती तर सर्वांनाच हवी आहे. ग्रंथपालांनाही तसेच वाटत असावे, कारण ते म्हणाले, "माझ्याकडून एक सुटलं असेल, ताई. होऊ द्या." ताईंनी मान हलवली. "सर, कुठलं सुटलं ते कळल्याशिवाय नाही."

त्या क्षणाची आठवण मला वारंवार येते. जेथे एका ओळीत संग्रहातील प्रत्येक नोंद बदलता येते, जेथे 'व्हेअर' हा एक शब्द लिहावयाचा राहिला तर ज्या नोंदींशी काही कर्तव्य नाही त्याही सर्व एका दमात पालटतात, आणि जेथे यंत्र 'आपली खात्री आहे ना?' असा प्रश्न कधीही विचारीत नाही, तेथे खात्री करून घेण्याचा सारा भार त्या खुर्चीत बसलेल्या माणसावर पडतो. आणि एका नोंदीच्या फरकासाठी हात उचलून घेणे ही या कामातील सर्वांत मोठी कुशलता आहे, असे माझे मत त्या दुपारी बनले. जलद टंकलेखन कोणासही शिकता येते.

त्यांनी यादीतील त्रेसष्ट दाखल क्रमांक एकेक करून ओळीत घातले, आणि ६४ नोंदींपैकी यांत नसलेली कोणती, असे विचारले. एकच नोंद उरली. मग रेघ आणि एक्स लिहून त्यांनी मांडणी बदलली, कारण देवनागरी मजकूर असला की तक्त्याच्या उभ्या रेघा वेड्यावाकड्या होतात आणि डोळा चुकतो. आता त्या एकाच नोंदीचे सर्व रकाने एकाखाली एक उभे राहिले. पुस्तकाचे नाव दिसले. ते देवघेवीच्या तक्त्याशी दाखल क्रमांकाने जोडताच, पुस्तक एका सभासदाकडे गेलेले असून परत आल्याची तारीख रिकामी आहे, असे उत्तर आले. ग्रंथपालांनी कपाटे धुंडाळली तेव्हा ते कपाटात नव्हतेच. चौसष्टावी नोंद ती. यादीच्या तळाशी त्यांनी पेन्सिलीने ६४ हा आकडा घातला आणि पुढे त्या पुस्तकाचा क्रमांक लिहिला.

यानंतरच ताईंनी 'बिगिन' हा शब्द लिहिला. एरवी या साधनात प्रत्येक हुकूम अर्धविरामासरशी कायम होतो. 'बिगिन' म्हटल्यावर मात्र पुढे जे जे होईल ते 'कमिट' म्हणेपर्यंत कच्चे राहते आणि 'रोलबॅक' म्हटल्यास झालेच नव्हते असे होते. पडद्यावर बरोबरीच्या चिन्हानंतर एक तारका उमटली. तारका आहे तोवर मागे फिरता येते, एवढाच तिचा अर्थ. मधल्या एखाद्या ओळीत चूक झाली तर तिच्या जागी उद्गारचिन्ह येते आणि मग मागे फिरल्याशिवाय यंत्र पुढचा कोणताही हुकूम स्वीकारीत नाही. अपडेटची ओळ गेली. उत्तर: अपडेट, ६४. तारका असतानाच ताईंनी ती चौसष्ट नावे पुन्हा मागविली आणि त्यांचा मुकाबला सुरू झाला: ग्रंथपाल यादीतून मोठ्याने वाचत होते, ताई पडद्यावर बोट ठेवून हुंकार देत होत्या, आणि या कामात मला कोणी गृहीत धरले नसतानाही मी श्वास रोखून ऐकत होतो. शेवटचे नाव जुळल्यावर त्यांनी 'कमिट' लिहिले.

जुन्या नोंदीचे काय होते असे मी विचारले. दाखल नोंदवहीत चूक झाली तर खाडाखोड न करता तिच्यावर तांबड्या शाईची रेघ मारून खाली नवी नोंद लिहावी, तसेच पोस्टग्रेस करते: जुनी आवृत्ती जागच्या जागी राहते, नवी निराळी लिहिली जाते, आणि त्याच वेळी दुसरा कोणी वाचत असेल तर त्याला कमिट होईपर्यंत जुनीच दिसते. जुन्या आवृत्त्यांनी व्यापलेली जागा व्हॅक्यूम नावाची क्रिया पुढे यथावकाश मोकळी करते. दोष पुन्हा शिरू नये म्हणून ताईंनी नव्या नोंदी आपोआप सुधारून घेणारा एक ट्रिगर लावला, आणि शोधखिडकीतही तीच सुधारणा व्हावी असे ती खिडकी बनविणाऱ्यांना कळविले.

निघण्यापूर्वी त्यांनी एक शेवटचे काम केले, आणि माझ्या दृष्टीने ते दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे होते. पीजी-डम्प या सोबतच्या साधनाने संपूर्ण संग्रहाची प्रत काढून ती त्यांनी दुसऱ्या संगणकावर एका रिकाम्या संग्रहात उतरवली आणि तेथेही मोजदाद मागितली. जी प्रत कधी उतरवून पाहिली नाही ती प्रत आहे असे त्या मानत नाहीत. संस्थेच्या अंदाजपत्रकात शोधखिडकीच्या नव्या रंगरूपासाठी रक्कम आहे, ताईंच्या या कामासाठी निराळी नाही. ते त्या शनिवारी, जुन्या ऋणानुबंधापोटी, जवळजवळ विनामूल्य करतात. हे मला अत्यंत अनुचित वाटते. ज्या नोंदींवर देवघेव, वर्गणी आणि पडताळणी असा ग्रंथालयाचा सारा व्यवहार उभा आहे, त्या राखणारी व्यक्ती अंदाजपत्रकाबाहेर ठेवणे ही काटकसर नव्हे.

महाराष्ट्रातील लहानमोठ्या ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना माझी विनंती आहे. पुढच्या सभेत दोन प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घ्या: आपल्या नोंदसंग्रहाची प्रत शेवटची केव्हा काढली, आणि ती कोणी उतरवून पाहिली? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखाद्या व्यक्तीचे नाव मिळाले, तर तिच्या मानधनाचा ठराव त्याच सभेत मंजूर करा.